कागदावर नसलेले नियम सरकारला कसे बांधतात?

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात राज्यघटनेचा विषय निघाला की कलमांचे आकडे लोकांच्या तोंडी असतात: राज्यांच्या सीमा बदलण्याचे कलम ३, प्राथमिक शाळेत मातृभाषेचे ३५० अ, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये ज्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला ते १३१. मात्र सत्तेला आवर घालणारा प्रत्येक नियम कलमात लिहिलेला नसतो.

याचे ठळक उदाहरण ब्रिटन. तिथली राज्यघटना एका ग्रंथात बांधलेली नाही. १६८९ चा हक्कांचा कायदा, न्यायालयांचे निवाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले संकेत मिळून ती बनते. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राजाने संमती द्यावीच, असे कोणताही कायदा सांगत नाही, तरीही १७०८ नंतर ती एकदाही नाकारली गेलेली नाही. संकेत मोडणाऱ्याला न्यायालय सहसा शिक्षा करत नाही, पण राजकारण किंमत वसूल करते: १९०९ मध्ये संसदेच्या वरिष्ठ, म्हणजे उमराव सभागृहाने अर्थसंकल्प फेटाळून जुना संकेत मोडला आणि १९११ च्या कायद्याने अर्थविधेयके फेटाळण्याचा त्याचा अधिकारच काढून घेतला. संकेत टिकतो तो या धाकामुळे, असे मला वाटते.

आपली घटना लिखित, तरी तिलाही संकेतांचा आधार लागतो. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात एवढेच कलम १६४ म्हणते. बहुमत असलेल्या नेत्यालाच बोलवावे, हा संकेत. १९८९ मध्ये कर्नाटकातील एस. आर. बोम्मई यांचे सरकार सभागृहात बहुमत आजमावू न देताच बरखास्त झाले. १९९४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की बहुमताचा निवाडा राजभवनात नव्हे, विधानसभेतच व्हावा. त्या दिवसापासून या संकेतामागे न्यायालयाचे बळ उभे राहिले.

सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नाला मात्र असे बळ अजून मिळालेले नाही. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे राज्यांनी मान्य केलेले तत्त्व आहे. तो कायदा नव्हे. कलम ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेले विशेष अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो, संबंधित राज्य सरकारांकडेही पाठवला जातो. पण तत्त्व न पाळणाऱ्या राज्याला दंड करण्याची तरतूद त्या कलमात नाही.