काकमारीपासून होवेनियापर्यंत: मद्य आणि मेंदूतील गॅबा रिसेप्टर

पश्चिम घाटाच्या रानांत वाढणाऱ्या काकमारीच्या वेलीची फळे पूर्वी मासे गुंगवून पकडण्यासाठी वापरली जात. एकोणिसाव्या शतकात ही फळे इंग्लंडलाही जात आणि तेथील काही दारूवाले बिअर जास्त चढावी म्हणून तिच्यात त्यांची भेसळ करीत. यातील विसंगती अशी की, या फळांतील पिक्रोटॉक्सिन हे विष मेंदूत मद्याच्या बरेचसे उलट काम करते. ते चेतापेशींना आवरणारी यंत्रणाच बंद पाडते आणि त्यामुळे झटके येतात. पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम केलेले चेताशास्त्रज्ञ रिचर्ड ओल्सन यांनी १९७० च्या दशकात याच पिक्रोटॉक्सिनपासून बनवलेले किरणोत्सारी संयुग वापरून, ते मेंदूत नेमके कोठे चिकटते याचा शोध घेतला. ते जेथे चिकटते, तो गॅबा-ए रिसेप्टर (चेतापेशीवरील रसायनग्राही रचना) हा त्यांच्या पुढील संशोधनाचा मुख्य विषय ठरला.

गॅबा हे मेंदूतील चेतापेशींना शांत करणारे प्रमुख रसायन आहे. पाच प्रथिने वर्तुळात उभी राहून गॅबा-ए रिसेप्टर तयार होतो आणि त्यांच्यामधून एक अरुंद मार्ग जातो. गॅबा येऊन चिकटले की तो मार्ग उघडतो, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि ती पेशी उत्तेजित होणे अवघड बनते. डायझेपामसारखी शामक औषधे याच रिसेप्टरवरील वेगळ्या जागी बसून गॅबाचा परिणाम वाढवतात. मद्याचाही मेंदूवर असाच शांत करणारा परिणाम होतो; म्हणून दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास हातापायांना कंप सुटतो, कधी झटकेही येतात. अशा रुग्णाला रुग्णालयात याच गटातील औषधे का दिली जातात, हे यावरून समजते.

मद्य पेशींच्या स्निग्ध आवरणात विरघळून नशा आणते, असा समज पूर्वी रूढ होता. ओल्सन आणि त्यांचे सहकारी मार्टिन वॉलनर यांनी २००३ मध्ये दाखवले की, डेल्टा नावाचे प्रथिन असलेले काही गॅबा-ए रिसेप्टर ३ मिलिमोलर इतक्या कमी मद्यालाही प्रतिसाद देतात. भारतात वाहनचालकासाठी रक्तातील मद्याची जी कायदेशीर मर्यादा आहे, तिच्या सुमारे निम्मे हे प्रमाण होय. अन्य काही प्रयोगशाळांना हाच प्रयोग करून तसा परिणाम आढळला नाही, त्यामुळे हा मुद्दा आजही वादाचा आहे. तरीही मद्याला रिसेप्टरवर थोपवता येईल, ही कल्पना निराधार नव्हती. १९८६ मध्ये आरओ १५-४५१३ या संयुगाने उंदरांमधील नशेची लक्षणे रोखल्याचे प्रसिद्ध झाले होते; परंतु ते स्वतःच अस्वस्थता आणि झटके निर्माण करू शकत असल्याने त्याचे औषध होऊ शकले नाही.

ओल्सन यांच्या सहकारी जिंग लियांग यांनी मग चिनी वैद्यकाकडे मोर्चा वळवला. बोराच्याच कुळातील होवेनिया डल्सिस या वृक्षाचा मद्यावरील उतारा म्हणून तेथे शतकानुशतके उपयोग होत आला आहे. त्यातील डायहायड्रोमायरिसेटिन हे फ्लेवोनॉइड प्रकारचे वनस्पतिजन्य संयुग लियांग यांच्या संशोधक गटाने मद्यासोबत उंदरांना टोचले. नुसते मद्य दिलेले उंदीर पाठीवर टाकल्यावर तासाभराहून अधिक काळ तसेच पडून राहत, तर हे संयुगही मिळालेले उंदीर त्याच्या अंशमात्र वेळात उलटून उभे राहत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात या संयुगामुळे उंदरांची मद्याची ओढही कमी झाल्याचे दिसले. हे संयुग डायझेपाम जेथे बसते त्या जागेशी संबंधित असल्याचेही प्रयोगांतून सूचित झाले.

या निष्कर्षांचा बाजारात जो अर्थ लावला गेला, तो मात्र मला धोक्याचा वाटतो. आज या संयुगाच्या गोळ्या 'हँगओव्हर' टाळणारे पूरक अन्न म्हणून विकल्या जातात. मद्याची क्रिया रिसेप्टरवर रोखली, तरी केवळ त्यामुळे रक्तातील मद्य नाहीसे होत नाही. शुद्धीवर असल्याची जाणीव होणारा माणूस उलट आणखी पिऊ शकतो. शिवाय उंदरांना जे टोचले, ते माणूस गोळीतून गिळतो, आणि तोंडावाटे घेतल्यावर या संयुगाचा अगदी थोडा अंश रक्तात पोहोचतो. त्याचे खरे मोल मला व्यसनमुक्तीच्या उपचारांत दिसते, कारण मद्य सोडताना दिल्या जाणाऱ्या डायझेपाम गटातील औषधांचीही सवय लागते. त्यासाठी आधी ते पुरेशा प्रमाणात मेंदूपर्यंत पोहोचवण्याची सोय करावी लागेल आणि नंतर रुग्णांवर काटेकोर चाचण्या घ्याव्या लागतील.