साठीनंतर उसळ-अंडी बंद करायची का?

खानापूर-निपाणीकडच्या कित्येक घरांत साठी उलटली की ताटातली उसळ आणि अंडी आधी कमी होतात. कारण ठरलेलं: "युरिया वाढतो, किडनीवर ताण येतो. रात्री पेज पुरे."

युरिया तयार होतो, हे खरंच. प्रथिनं मोडली की उरलेल्या नायट्रोजनचा यकृत युरिया बनवतं आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. निरोगी किडनीचं ते रोजचंच काम. किडनीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

खरं नुकसान पेजेवर राहण्यात आहे. वयाबरोबर स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे तरुणपणी पुरायचं तेवढं आता पुरत नाही. पासष्टीपुढं दर किलो वजनामागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं तज्ज्ञ सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या आज्जींना ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात मिळतात जेमतेम ६! शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीसच्या आसपास. म्हणून भाकरीबरोबर झुणका, मटकी, दही असं तिन्ही वेळा थोडंथोडं हवं. आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस करायची. नुसत्या खाण्यानं स्नायू टिकत नाहीत.