लेसर रंजकांच्या रेणूचा ताठपणा : पार्श्वभूमी

द्रावणातल्या सेंद्रिय रंजकापासून लेसर मिळतो, हे १९६६ साली माणिक लेसरच्या झोताखाली दिसले. पुढच्याच वर्षी फ्लॅशलॅम्पवर ऱ्होडामाइन ६जी चालले आणि १९७० मध्ये त्याच रंजकाचा अखंड किरण मिळाला. तो मिळवताना द्रावक म्हणून साबणी द्रव्य घातलेले पाणी वापरले होते, कारण तापल्यावर पाण्याचा अपवर्तनांक अल्कोहोलच्या मानाने फारच कमी बदलतो. साबणाचे काम रेणूंना एकमेकांना चिकटू न देण्याचे.

त्यानंतरचा खरा वाद ऱ्होडामाइन बी या त्याच कुळातल्या रंजकाभोवती फिरतो : त्याची चमक कशामुळे वाया जाते? त्याच्या सांगाड्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन इथिल गट असलेला नायट्रोजन आहे. उत्तेजित अवस्थेत हा गट कार्बन-नायट्रोजन बंधाभोवती पिळवटतो, विद्युतभार सरकतो आणि प्रकाश होऊ शकणारी ऊर्जा उष्णतेत जाते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार पिळवटणे गौण असून सपाट नायट्रोजन छत्रीसारखा उलटतो. द्रावकाची दाटी आणि ध्रुवीयता यांचे प्रयोग दोन्हीकडून पुढे केले गेले. माझ्या मते या वादापेक्षा निर्णायक पुरावा रेणू घडवणाऱ्यांनी दिला : नायट्रोजनला शेजारच्या कड्यांत बांधून टाकल्यावर तयार झालेल्या ऱ्होडामाइन १०१ मध्ये शोषलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन प्रकाश होऊनच बाहेर पडतो, आणि तापमानाने त्यात विशेष फरक पडत नाही.

कोकणातल्या महाविद्यालयांत हा फरक अनुभवाला येतो. ऱ्होडामाइन बीची चमक दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी घटते, त्यामुळे पुस्तकातला २५ अंशांवरचा आकडा धरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला रत्नागिरीतल्या एप्रिलच्या दुपारी, ३३ अंशांवर, तेच केशरी-लाल द्रावण सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद मिळते. यात द्रावणाचा दोष नसून रेणूच्या मोकळ्या बाहूंचा आहे, हे आपल्या प्रात्यक्षिकांत सांगितले गेलेच पाहिजे.

बांधणीची हीच युक्ती निळ्या-हिरव्या पट्ट्यासाठी कुमारिन १०२ या रंजकामध्ये वापरली गेली. तोपर्यंत ट्रिपलेट अवस्थेत, म्हणजे प्रकाश न देता उत्तेजित रेणू बराच काळ रेंगाळतो अशा अवस्थेत, अडकणाऱ्या रेणूंकडेही लक्ष गेले होते. ऱ्होडामाइनमधला ऑक्सिजनचा पूल इलेक्ट्रॉनांची कडी पूर्ण होऊ देत नाही, म्हणून तिथे ती गळती कमी राहते. बोरॉन असलेल्या पायरोमेथीन रंजकांनी पुढे ट्रिपलेटचे शोषण आणखी घटवले. मात्र हवेतला ऑक्सिजन त्यांना प्रकाशात लवकर झिजवतो, त्यामुळे अनेक ठिकाणी ऱ्होडामाइनच टिकून राहिले.