पॉइंट पॅनिक: कचऱ्याच्या किनाऱ्यावरची राखीव लाट

होनोलुलूला गेलेला पाहुणा पहिल्यांदा वायकीकीच्या वाळूवर जातो. तिथून पश्चिमेला, बंदराच्या बाजूला थोडं सरकलं की काकाआको वॉटरफ्रंट पार्क लागतं. हिरवळीच्या बुटक्या टेकड्या, काठाने फरसबंद वाट, आणि वाटेपलीकडे वाळूचा कणही नाही. मोठमोठे दगड रचलेला बांध थेट पाण्यात उतरतो. मधेमधे पायऱ्या ठेवल्या आहेत. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून टेट्रापॉडवर आपटणारं पाणी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अंदाज येईल. फरक एवढाच, की इथे त्या दगडांसमोर माणसं पोहत असतात, लाटेची वाट पाहत. हातात फळी नाही, पायात आखूड रबरी फिन्स. लाट उठली की दोन-चार जोरकस हात मारून अंग तिच्यावर झोकून द्यायचं, एक हात पुढे ताणून तिच्या उतारावरून घसरत जायचं आणि दगड जवळ येण्याआधी सुटायचं. या जागेचं नाव पॉइंट पॅनिक.

पर्यटन पुस्तिकेत या जागेला दोन ओळी मिळतात: खडकाळ किनारा, पोहायला योग्य नाही, बॉडीसर्फिंग पाहायला चांगला. पण हा किनारा खडकाळ का आहे, शहराच्या मध्यावर असूनही इथे हॉटेलं का नाहीत आणि लाटेवर फळी का चालत नाही, या तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच गोष्टीत आहेत. होनोलुलूला जे जे नजरेसमोर नको होतं, ते सुमारे शंभर वर्षं इथे आणून टाकलं गेलं.

आधी दिशांचं थोडं. हवाईत पत्ता सांगताना पूर्व-पश्चिम फारसं कोणी म्हणत नाही. समुद्राच्या अंगाला ‘मकाई’ आणि डोंगराच्या अंगाला ‘माउका’. कोकणात खलाटी आणि वलाटी म्हणतात, तसंच काहीसं. अला मोआना बुलेव्हार्ड या मोठ्या रस्त्याच्या समुद्राकडच्या भागाला म्हणून काकाआको मकाई म्हणतात, आणि गेल्या वीस वर्षांत होनोलुलूच्या राजकारणात हे दोन शब्द उच्चारले की आवाज चढतात.

दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा दलदलीचा होता. मिठागरं, मासे वाढवायची तळी आणि समोर उथळ प्रवाळाचा कट्टा. शेजारच्या केवालो भागात एक झरा होता. हवाईच्या जुन्या समाजव्यवस्थेत ‘काउवा’ नावाचा बहिष्कृत वर्ग असे. बळी द्यायच्या काउवांना या झऱ्यात बुडवून मारत, अशी तिथली परंपरा सांगते. जागेच्या नशिबाची सुरुवात तिथूनच म्हणायची.

पुढे आले कुष्ठरोगी. हवाईच्या राज्याने १८६५ मध्ये कायदा करून कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावर अलग ठेवायला सुरुवात केली होती. होनोलुलूत पकडलेल्या संशयितांना ठेवायला, तपासायला एक ठिकाण हवं होतं. ते १८८१ मध्ये काकाआकोच्या किनाऱ्यावर उभं राहिलं. १८८३ च्या नोव्हेंबरात मदर मॅरिअन कोप न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजहून सहा नन्सना घेऊन आल्या आणि या रुग्णालयाची व्यवस्था त्यांनी हाती घेतली. मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांत राहून त्यांची सेवा करणारे फादर डेमियन, ज्यांना तोवर स्वतःलाच हा रोग जडला होता, १८८६ मध्ये उपचारांसाठी इथे येऊन राहिले. १८८८ मध्ये मदर मॅरिअन मोलोकाईला गेल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. २०१२ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिलं. आज त्यांचा पुतळा केवालो बेसिन या बंदराच्या तोंडाशी, पॉइंट पॅनिकच्या समोरच्या काठावर उभा आहे. फिन्स चढवणाऱ्या पोरांपैकी किती जणांना तो कोणाचा हे माहीत असेल, शंकाच आहे.

मग प्लेग. हाँगकाँगहून निघालेली ही साथ १८९६ मध्ये मुंबईत आली आणि पुण्यात रँड प्रकरणापर्यंत गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तीच साथ १८९९ च्या डिसेंबरात होनोलुलूला पोचली. बाधित घरं जाळून टाकण्याचा उपाय ठरला. २० जानेवारी १९०० ला अशीच लावलेली आग वाऱ्याने भडकली आणि जवळजवळ सगळं चायनाटाउन खाक झालं. बेघर झालेल्या हजारो चिनी, जपानी आणि हवाईयन लोकांना पहाऱ्यातल्या छावण्यांत कोंडलं. त्यातली एक छावणी काकाआकोत होती. घरं झडतीने उघडी टाकण्याचं पुण्यातलं दुःख आणि घर डोळ्यांदेखत जळण्याचं होनोलुलूतलं दुःख एकाच जंतूने आणलं होतं, आणि दोन्हीकडे सरकारचा हात सारखाच जड होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कष्टकऱ्यांची वस्ती वाढली. किनाऱ्यालगत जमीन गमावलेल्या हवाईयन कुटुंबांनी झोपड्या घातल्या. मासेमारी करून आणि गोदीत राबून ती जगत. शहराने या वस्तीला नाव दिलं ‘स्क्वाटर्सव्हिल’, म्हणजे बिनहक्काने बसलेल्यांचं गाव. ज्यांच्या राजाची ही जमीन होती, त्यांनाच. १९२६ मध्ये त्यांना उठवलं.

त्याच दशकात केवालो बेसिन खोदलं गेलं. लाकूड वाहून आणणाऱ्या जहाजांसाठी म्हणून केलेलं हे छोटं बंदर लवकरच जपानी कोळ्यांच्या ‘सॅम्पान’ बोटींनी भरून गेलं. या बोटी ‘आकू’, म्हणजे ट्यूनाच्या जातीचा एक मासा, पकडून आणत आणि बंदरालगतच्या कारखान्यात त्याचे डबे भरले जात. बंदराचं तोंड खोल राहावं म्हणून प्रवाळाच्या कट्ट्यातून एक चर खोदला. त्या चराला आपल्या गोष्टीत महत्त्व आहे, पण आधी कचरा.

होनोलुलू आपला कचरा काकाआकोच्या किनाऱ्यावर जाळत असे. १९३० च्या सुमाराला बांधलेली केवालोची भट्टी अजून उभी आहे. तिच्यात आता मुलांचं संग्रहालय भरतं, आणि इमारतीचा तो वापर मला तरी फार आवडतो. भट्टीतली राख आणि न जळलेला ऐवज समोरच्या कट्ट्यावर टाकायचा, एवढंच नियोजन. ढीग समुद्रात वाहून जायला लागला तेव्हा १९४० च्या दशकाच्या शेवटी केवालोपासून पश्चिमेकडच्या फोर्ट आर्मस्ट्राँगपर्यंत दगडी बांध घालायचं ठरलं. बांध आणि जुना किनारा यांच्या मधल्या पोकळीत पुढची पंचवीस-तीस वर्षं शहराचा कचरा पडत राहिला. आपण भराव म्हणतो, तो हाच. ‘का-आकाउकुकुई’ नावाचा कट्टा, जिथे आसपासच्या वस्तीतली माणसं शेवाळ आणि शिंपले वेचत, त्याखाली गडप झाला. मुंबईत मालाडला डंपिंग ग्राउंडवर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इथे हिरवळ आली. आज ज्या टेकड्यांवरून मुलं पुठ्ठ्यावर बसून घसरतात, त्या टेकड्या म्हणजे जुना कचरा आणि राख. समोरच्या समुद्रात सर्फरांनी एका लाटेला ‘फ्लाइज’ असं नाव दिलं आहे. माश्या! नाव कशावरून पडलं ते वेगळं सांगायला नको.

आता लाट. ही लाट उन्हाळ्यातली. उत्तर गोलार्धात मे ते सप्टेंबर असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा असतो. न्यूझीलंडच्या खालच्या महासागरात वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आठवड्याभराने, होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात. केवालोच्या चराच्या पश्चिमेला, जिथे खोल पाणी संपून कट्टा सुरू होतो, तिथे ही लाट एकदम उभी राहते आणि चराच्या दिशेने फुटत जाते. स्वाराच्या दृष्टीने उजवीकडे. चांगला दिवस असेल तर आत पोकळ नळी धरते. संपते कुठे? बांधाच्या दगडांत. आणि बांधावर आपटून परतलेलं पाणी पुढच्या लाटेला खालून धक्का देतं.

‘पॅनिक’ त्यातूनच आलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फळी पायाला बांधायची दोरी प्रचारात आली. त्याआधी तोल गेला की फळी सुटायची आणि किनाऱ्याला लागायची. वायकीकीत ती वाळूवर निवांत पडून राही. इथे ती दगडांवर जाऊन तिचे तुकडे होत. फळीमागे जिवाच्या आकांताने पोहणाऱ्या सर्फरची अवस्था या जागेला चिकटली. पुढे आलेलं भूशीर ते ‘पॉइंट’. पण ते भूशीर निसर्गाचं नाही, भराव घालून पुढे सरकवलेल्या जमिनीचं टोक आहे. जी गोष्ट फळीवाल्याला घाबरवते, तिच्याशी फळी नसलेल्याचं भांडण नसतं. त्याच्याकडे फुटण्यासारखं एकच, आणि ते त्याच्या ताब्यात असतं.

बॉडीसर्फिंग हा सर्फिंगचा गरीब नातेवाईक आहे असं समजणारे पुष्कळ. हवाईत तसं नव्हतं. फळीविना लाटेवर स्वार होण्याला ‘काहा नालू’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘नालू’ म्हणजे लाट. ही कला फळीइतकीच जुनी मानली जाते. प्रशांत महासागरातल्या बेटांवरची माणसं ती जिथे गेली तिथे घेऊन गेली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅनली किनाऱ्यावर १८९० च्या दशकात ती शिकवली ती आजच्या वानुआतूतल्या टाना बेटावरून आलेल्या एका तरुणाने. अमेरिकेत रॉन ड्रमंड यांनी १९३१ मध्ये या विषयावर एक लहानसं पुस्तक छापलं. पण खरा फरक पाडला फिन्सनी. ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटीसाठी सुवर्णपदक मिळवलेले ओवेन चर्चिल ताहितीला गेले असता तिथली मुलं पायाला पानांची वल्ही बांधून पोहताना त्यांनी पाहिली, आणि १९४० च्या सुमाराला रबरी फिन्स बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या सैनिकांनी वापरले. युद्धानंतर किनाऱ्याकिनाऱ्यावर दिसू लागले. उघड्या पायांनी पोहणाऱ्याला पॉइंट पॅनिकसारखी झटकन उभी राहणारी लाट पकडणं फार अवघड. फिन्सनी तेवढा वेग दिला.

फळीबंदीचं तर्कशास्त्रही वेगातच आहे. फळीवाला लाट फुटण्याच्या बऱ्याच आधी, बाहेरच ती पकडू शकतो. अंगावर लाट घेणाऱ्याला ती पुरती उभी राहीपर्यंत थांबावं लागतं. दोघे एकाच लाटेवर असले की शेवटच्याच्या वाट्याला काही उरत नाही, शिवाय डोक्यावर फळी येण्याची भीती. म्हणून राज्याच्या नियमांनी ही लाट फक्त बॉडीसर्फिंगसाठी राखून ठेवली. सर्फबोर्ड नाही, पोटावर झोपून चालवायची आखूड फळी, म्हणजे बॉडीबोर्डही नाही. सर्फिंगच्या जन्मभूमीत सर्फबोर्डला बंदी! ओआहूच्या पूर्व टोकाच्या सँडी बीचवर बॉडीसर्फिंग जगप्रसिद्ध आहे; तिथलेच बराक ओबामा २००८ च्या ऑगस्टमध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, तिथल्या लाटांवर स्वार झालेले छायाचित्रांत दिसले. पण सँडीला लाट थेट वाळूवर आपटते आणि राइड क्षणाची असते. पॅनिकला ती लांब आहे, म्हणून जुनेजाणते इकडे येतात.

भरावावर माती घालून बाग झाली १९९२ मध्ये. सुमारे ३५ एकर. तोवर जवळच विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आली होती, २००५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आलं की शहराच्या मध्यावर समुद्राकाठी एवढी रिकामी जमीन आहे. निवासी टॉवरांचा आराखडा पुढे आला. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले ते सर्फर, बॉडीसर्फर, कोळी, आसपासचे रहिवासी. टॉवर झाले की गाड्या लावायला जागा राहणार नाही, काठ श्रीमंतांच्या अंगणात जाईल, हा त्यांचा साधा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. २००६ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला: काकाआको मकाईत घरं बांधायची नाहीत, राज्याची जमीन विकायची नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण मग दुसरा न्याय उभा राहिला. १८९३ मध्ये राणीला पदच्युत करून आणि १८९८ मध्ये अमेरिकेत विलीन करून हवाईच्या राजेशाहीच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींच्या उत्पन्नात मूळ हवाईयनांचा वाटा असतो, आणि तो राज्याने वर्षानुवर्षं पुरता दिला नव्हता. २०१२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरच्या त्या देण्यापोटी, त्यांच्या हितासाठी स्थापलेल्या ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्सला काकाआको मकाईतली सुमारे ३० एकर जमीन देण्यात आली. जी जमीन घेतली तिच्यावर घरं बांधायची मात्र कायद्याने बंदी. घरबंदी उठवायचा प्रयत्न विधिमंडळात वारंवार झाला, २०२३ मध्येही झाला आणि अडला. ‘स्क्वाटर्सव्हिल’मधून उठवलेल्यांच्या नातवंडांना आता तिथेच घर बांधायचा हक्क नाही असं सांगायचं, आणि सांगणाऱ्यांत त्या लाटेवर जीव टाकणारे हवाईयनही असायचे. या वादात मला कोणाचीच बाजू सहज घेता येत नाही.

मधल्या काळात ओबामांचं ग्रंथालयही इथे येता येता राहिलं. होनोलुलूत जन्मलेल्या राष्ट्राध्यक्षांचं स्मारक काकाआको मकाईत व्हावं म्हणून विद्यापीठाने प्रस्ताव दिला होता. २०१५ च्या मे महिन्यात शिकागोची निवड झाली. बागेत बेघरांच्या तंबूंची वस्ती एवढी वाढली की २०१७ च्या अखेरीस ती काही महिने बंदच ठेवावी लागली. उठवलेले लोक पुन्हा याच किनाऱ्याला आले, म्हणायचं.

बागेत एक काळ्या ग्रॅनाइटचं स्मारकही आहे. ९ फेब्रुवारी २००१ ला एहिमे मारू हे जपानी मासेमारी विद्यालयाचं जहाज होनोलुलूजवळ अमेरिकन पाणबुडीने धडक दिल्याने बुडालं. नऊ जण गेले, त्यांत विद्यार्थीही होते. वर्षभराने स्मारक झालं. सकाळी कोणीतरी त्यावर फुलं ठेवून गेलेलं असतं.

जायचं असेल तर जूनपासून ऑगस्टपर्यंत, दक्षिणेकडून लाट चढलेली असेल तेव्हा जावं. स्मारकापासून काठाकाठाने पूर्वेला चालत गेलं की बांधाचं टोक आणि पलीकडे केवालोचा चर दिसतो. तिथे दगडांवर बसावं. माणसं खाली पायऱ्यांनी पाण्यात उतरतात, लाटेच्या आत-बाहेर होण्याचा वेळ मोजून. परतताना बहुतेक जण दगडांकडे येतच नाहीत. लाट सोडून चराच्या खोल पाण्याकडे वळतात, आणि तिथून फेरा मारून पुन्हा आत जातात.