तळगाळातील स्फुरदचक्र

तलावाच्या किंवा जलाशयाच्या तळाशी साचलेला गाळ पाण्यातला स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, धरून ठेवतो आणि परिस्थिती पालटली की परत पाण्यात सोडतो. या देवघेवीला तळगाळातील स्फुरदचक्र म्हणतात. गाळातून सुटणारा स्फुरद हा 'अंतर्गत भार'. मासुंदा, कचराळी, उपवन अशा तलावांच्या ठाण्यात पाणी हिरवे का पडते हे शोधताना नाल्याइतकेच या गाळाकडे पाहावे लागते.

नत्र, स्फुरद, पालाश हे त्रिकूट शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले. पाण्यातल्या शैवालालाही तेच खत लागते. मात्र काही नील-हरित शैवाले हवेतला नत्र स्वतः बांधून घेतात. स्फुरदाला तशी हवेतली वाट नाही. त्यामुळे गोड्या पाण्यात बहुधा तोच अपुरा पडतो, आणि थोडा मिळाला तरी पुरतो: १ ग्रॅम स्फुरदावर शंभरेक ग्रॅम सुके शैवाल उभे राहते. कॅनडात १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा लावून एका बाजूला कार्बन व नत्र, तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीने स्फुरदही घातला. हिरवी झाली ती स्फुरदाचीच बाजू.

घाटाच्या पायरीवरून काठी खुपसली तर वर तपकिरी पातळ साय आणि खाली काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल लागतो. सारा खेळ त्या सायीत आहे. तिथे ऑक्सिजन असेपर्यंत लोह गंजाच्या रूपात असते आणि स्फुरदाला चिकटवून ठेवते. ऑक्सिजन संपला की गंज विरघळतो आणि स्फुरद सुटतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधील तळ्यांवर १९४१-४२ मध्ये हे दाखवले. आपल्याकडे काळ्या बसाल्टी दगडाच्या मातीत लोह भरपूर, तेव्हा गाळाचे स्फुरद धरण्याचे कोठारही मोठे. उथळ तलावात आणखी एक भर पडते: दाट शैवाल दुपारी पाण्याचा सामू ९ च्या वर नेते, आणि तेवढ्यानेही लोहाची पकड सुटते, ऑक्सिजन असला तरी. म्हणजे बहर स्वतःच स्वतःचे खत उकरतो.

निर्माल्य कुजताना तळाचा ऑक्सिजन खाते, हे उघड आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे नुकसान मात्र नुसत्या रंगांपुरते मोजले जाते. हे प्लास्टर म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करतात, ते लोहाला काळ्या संयुगात अडकवते आणि स्फुरद धरायला लोह उरत नाही. कृत्रिम तलावात विसर्जन करण्यामागे हेही एक भक्कम कारण आहे; त्याचा उच्चार फारसा होत नाही.

खोल धरणात उन्हाळ्यात गरम पाणी वर, गार खाली असे थर पडतात. तळाशी सुटलेला स्फुरद तिथेच अडून राहतो आणि थंडीत पाणी ढवळले की वर येतो. मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे तरंगते. वारा नसेल त्या सकाळी पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा थर दिसतो. त्याच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात.

नाले बंद केल्यावरही गाळ वर्षानुवर्षे स्फुरद सोडत राहू शकतो. उपाय म्हणून तुरटी किंवा लँथेनमयुक्त माती टाकून स्फुरद बांधतात, तळाशी हवा सोडतात. वरवर उडणारे कारंजे शोभेचे. त्याने तळाला हवा मिळेलच असे नाही. गाळ उपसणे सर्वांत थेट, पण पावसाळ्यापूर्वी उपसलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्याच सरीला तो परत पाण्यात जातो.