फ्लाय रॉडचे सांधे : निगा आणि वंगण

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे बनावट माशी गळाला लावून करायच्या मासेमारीच्या, लांब, लवचिक काठीचे म्हणजे फ्लाय रॉडचे तुकडे जिथे एकमेकांत बसतात, त्या सांध्याला फेरूल म्हणतात. त्याचे दोन भाग असतात : आत शिरणारा नर भाग आणि त्याला सामावून घेणारा मादी भाग. सांध्यात आटे, खिळा किंवा कळ यांपैकी काहीही नसते. दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावरच सगळी काठी उभी असते. त्यामुळे सांध्याला वंगण लावावे की नाही हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, कारण जे घर्षण सांधा धरून ठेवते तेच वंगण कमी करते. याचे उत्तर सांधा कशाचा आहे आणि त्याचा आकार कसा आहे यावर ठरते. बांबूच्या काठीवरचा धातूचा सांधा आणि कार्बन फायबरच्या काठीचा सांधा यांना एकच नियम लावल्यामुळे चांगल्या काठ्या खराब झालेल्या आहेत.

सध्याच्या प्रचलित ९ फुटी, चार तुकड्यांच्या काठीला तीन सांधे असतात. प्रवासासाठी सहा-सात तुकड्यांच्या काठ्याही मिळतात. सांधे वाढले की निगाही त्याच प्रमाणात वाढते.

धातूचे सांधे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्यांवर धातूचे नळीसारखे सांधे बसवतात. एकोणिसाव्या शतकात या सांध्यांना आजचे रूप येण्यात अमेरिकी कारागीर हायरम लेनर्ड यांचा मोठा वाटा होता. त्याआधी आणि नंतरही काही लांब काठ्यांचे तुकडे तिरके कापून, एकमेकांवर ठेवून, वरून पट्टी गुंडाळून जोडत. त्या पद्धतीत धातूच नसल्याने वंगणाचा प्रश्नच येत नाही. चांगल्या सांध्यांसाठी जर्मन सिल्व्हर वापरतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. स्वस्त काठ्यांवर पितळ, त्यावर क्रोमचा मुलामा किंवा अ‍ॅल्युमिनियम दिसते.

धातूचा नर भाग सरळ दंडगोल असतो, निमुळता नसतो. तो मादी भागात जवळजवळ फट न ठेवता बसतो. दोन्हींच्या व्यासांतला फरक इंचाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. उत्तम सांधा ओढून काढताना ‘पॉप’ असा आवाज येतो. जुन्या कारागिरांच्या लेखी ती सांधा हवाबंद बसल्याची खूण होती. इतक्या नेमक्या जागेत तेलाचा किंवा ग्रीसचा थर मावत नाही. मावला तर सांधा निसटता होतो, आणि चिकट थरावर धूळ बसली की तीच पृष्ठभाग घासू लागते. म्हणून धातूच्या सांध्याचा नियम एका शब्दात सांगता येतो : स्वच्छता. नर भाग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावा आणि मादी भागाच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. बोळा काळा निघेनासा झाला की काम झाले. स्पिरिट बांबूवरच्या व्हार्निशला लागू देऊ नये. अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नये.

स्वच्छ केल्यावरही सांधा जड जात असेल, तर बहुधा धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो. अशा वेळी सर्वांत बारीक, चार शून्यांच्या दर्जाचे स्टील वूल नर भागावरून अगदी हलक्या हाताने फिरवतात. इथे हात आखडता घेणेच बरे. घासून गेलेला धातू परत येत नाही आणि घट्ट सांध्यापेक्षा सैल सांधा दुरुस्त करणे कितीतरी कठीण असते. भांडी चकचकीत करण्याची पावडर किंवा पॉलिश याच कारणासाठी वर्ज्य मानावे.

नर भाग नाकाच्या बाजूला किंवा केसांत घासून मग बसवावा, असा जुना सल्ला आजही ऐकायला मिळतो. त्वचेवरच्या तेलाचा अतिशय पातळ थर लागतो आणि सांधा सहज बसतो, हे खरेच आहे. मात्र त्या तेलाबरोबर घामातले क्षारही येतात आणि मागे राहिलेला मळ साचत जातो. नदीकाठी अडचणीत एखाद्या वेळी ठीक, पण नेहमीची सवय म्हणून नाही. ज्याने ही युक्ती केली, त्याने घरी आल्यावर सांधा पुसावा.

अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांची गोष्ट थोडी वेगळी. काही जुन्या फायबरग्लास काठ्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या नर भागावर रबरी कडे बसवलेले असते आणि पकड त्या कड्याची असते. कड्याला सिलिकोन ग्रीसचा बोटभर नव्हे, बोटाच्या टोकाला लागेल इतका अंश पुरतो. खनिज तेलाच्या ग्रीसने काही प्रकारचे रबर फुगते. अ‍ॅल्युमिनियमवर पेन्सिलीचे शिसे कधीच घासू नये. ते शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि ओलसरपणात ग्राफाइटच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने गंजते.

फायबरग्लास आणि ग्राफाइटचे (म्हणजे कार्बन फायबरचे) सांधे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या तेव्हा त्यांवरही आधी धातूचेच सांधे बसवत. धातूची नळी वाकत नसल्याने काठीच्या वाकण्यात तेवढाच भाग ताठ राहत असे. १९६० च्या दशकात फेनविक कंपनीने फायबरग्लासच्याच सांध्याचा प्रसार केला. याच कंपनीने १९७३ मध्ये ग्राफाइटची काठी बाजारात आणली. आजच्या बहुतेक काठ्यांत एक तुकडा दुसऱ्याच्या टोकावर टोपीसारखा बसतो. दुसऱ्या प्रकारात खालच्या तुकड्यात एक भरीव किंवा पोकळ खुंटी चिकटवलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर बसतो.

हे दोन्ही सांधे निमुळते असतात आणि इथेच धातूच्या सांध्याशी त्यांची फारकत होते. निमुळता सांधा पाचरीप्रमाणे बसतो : जितका आत जाईल तितका घट्ट. कोरड्या सांध्यात तो पूर्ण आत जाण्याआधीच घर्षणाने अडतो. वरकरणी घट्ट वाटतो आणि फेकीगणिक हळूहळू सुटत जातो. मेणाचा पातळ थर असेल तर सांधा योग्य खोलीपर्यंत जातो, दाबाखाली मेण बारीक फटींत भरते आणि तुकडे एकमेकांभोवती फिरेनासे होतात. म्हणजे वंगणानेच पकड वाढते.

यासाठी साधे पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचे मेण पुरेसे आहे. मेणबत्तीने नर भागावर लांबीच्या दिशेने तीन-चार रेघा ओढाव्यात, बोटाने किंवा कापडाने सर्वत्र सारख्या पसराव्यात आणि जादा मेण पुसून टाकावे. गोळे दिसत असतील तर मेण जास्त झाले. मधमाश्यांचे मेण अधिक चिकट असते. झिजून सैल झालेल्या सांध्याला ते उपयोगी पडते, पण नव्या घट्ट सांध्यात अडकण्याचा धोका वाढवते. नवा थर देण्यापूर्वी जुना स्पिरिटने पुसून काढावा, कारण मेणात रुतलेले वाळूचे कण सँडपेपरचे काम करतात. फवाऱ्याची तेले आणि सिलिकोनचे फवारे टाळावेत. ते सांधा निसरडा करतात, आणि पुढे कधी व्हार्निश किंवा इपॉक्सी लावायची वेळ आली तर ते तिथे धरत नाही. काही उत्पादक आपल्या काठ्यांना मेण लावू नका असे सांगतात. अशा काठीच्या बाबतीत त्यांचेच ऐकावे.

खुंटीच्या सांध्यात काठी जोडल्यावर दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी फट दिसते. नवखे लोक तिला दोष समजून जोर लावतात किंवा खुंटी घासतात. खरे तर ती फट मुद्दाम ठेवलेली असते. खुंटी झिजत जाते तसा वरचा तुकडा खाली सरकतो आणि सांधा घट्टच राहतो. फट पूर्ण मिटली की मात्र सरकायला जागा उरत नाही आणि दुरुस्तीची वेळ येते.

जोडणे, तपासणे, सुटे करणे. धातूचा सांधा सरळ रेषेत दाबून बसवावा आणि सरळच ओढावा. पिळल्यास नळी काठीवरच्या गोंदातून सुटू शकते. ग्राफाइटचा सांधा काठीवरच्या दोर ओवायच्या कड्या थोड्या आडव्या ठेवून आत घालावा आणि दाबत दाबत कड्या एका रेषेत आणाव्यात. काठी जोडताना टोकाकडून सुरुवात केली तर लांब तुकडे सावरणे सोपे जाते.

मासेमारी सुरू असताना सांधे अधूनमधून हाताने चाचपावेत. हे काम सर्वांत जास्त विसरले जाते, आणि ग्राफाइटच्या काठ्या मोडण्यामागे हे एक मोठे कारण असते. अर्धवट सुटलेल्या सांध्यात सगळा ताण मादी भागाच्या ओठावर येतो आणि तो उभा चिरतो. तिथे दोऱ्याचे वेढे आणि इपॉक्सी असतात ते याच ताणासाठी, पण सैल सांध्यापुढे तेही पुरे पडत नाहीत. दोन हातांनी धरायच्या लांब काठ्यांनी स्पे पद्धतीची (दोर मागे न फेकता पाण्यावरून वळवून पुढे टाकण्याची) फेक करताना काठीला पीळ बसतो. म्हणून असे मच्छीमार सांध्यांवर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळतात. फेकताना ‘टिक’ असा आवाज आला तर थांबून पाहावे : सांधा सैल झाला असेल, किंवा बांबूच्या काठीत धातूची नळी गोंदातून सुटली असेल.

अडकलेला सांधा सोडवताना पक्कड कधीच वापरू नये. ग्राफाइटची नळी लांबीच्या दिशेने मजबूत असली तरी बाजूने दाबल्यास सहज चिरडते. एकट्याने करायचे तर काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरावी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवावेत, कोपर ताठ ठेवावेत आणि गुडघे बाहेर ढकलावेत. पायांचा जोर सरळ रेषेत लागतो. दोघे असतील तर समोरासमोर उभे राहून प्रत्येकाने सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात ठेवावा आणि एकदमच ओढावे. पकडीत कड्या येऊ देऊ नयेत. हात सुके हवेत, रबरी हातमोजे असतील तर उत्तम. धातूचा सांधा आधी बर्फाने पूर्ण गार करून मग मादी भागाला बाहेरून हाताची ऊब द्यावी. बाहेरची नळी आधी प्रसरण पावते आणि तेवढ्या क्षणात ओढावे. आच देऊ नये, कारण जुन्या काठ्यांत नळी बसवायला वापरलेला लाखेचा गोंद उष्णतेने वितळतो. मग सांधा सुटण्याऐवजी बांबूच नळीतून बाहेर येतो.

साठवण. काठी जोडलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस ठेवू नये, विशेषतः धातूचे सांधे असतील तर. ओल आत राहते आणि दोन्ही भाग गंजून एकजीव होतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर सांधे सुटे करून गोड्या पाण्याने धुवावेत, पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावरच काठी पिशवीत व साठवणीच्या नळीत ठेवावी. मादी भागाच्या तोंडाला बूच लावण्याची पद्धत बांबूच्या काठ्यांबरोबर आली. धूळ आत जात नाही आणि नळीचे तोंड दबून वेडेवाकडे होण्याची भीती राहत नाही. ओल्या काठीला मात्र बूच लावू नये, आतले पाणी आतच कोंडते.