उन्हवऱ्याचं ऊन पाणी

माझी आजी ‘गरम पाणी’ म्हणत नसे. तिच्या तोंडी ऊन पाणी, ऊन ऊन भात. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा ध्यानात आलं, हे ऊन गावाच्या नावातच मुरलंय. पालीजवळचं उन्हेरे आणि राजापूरजवळचं उन्हाळे ही त्याचीच भावंडं.

डिसेंबरातली सकाळ होती. कुंडावर वाफ तरंगत होती. पाय टाकला आणि झटकन वर घेतला. उगमापाशी हे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअस असतं. कुंडात येईतो जरा निवतं, तरी अंगाला सवय व्हायला वेळ लागतोच. नाकाला उग्र वास येत होता. शेजारी गुडघे शेकत बसलेले काका म्हणाले, “खाली गंधक आहे ना, त्यानं तापतं.”

हा समज घरोघरी आहे, पण गंधक पाणी तापवत नाही. तो वास पाण्यासोबत वर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा. ज्वालामुखीही खाली धुमसत नाही. आपला काळा कातळ लाव्हाचाच खरा, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला.

हे पाणी पावसाचं आहे. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त पाऊस पडतो. त्यातलं थोडं कातळाच्या भेगांतून खोल झिरपतं. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. हिशेब करून पाहा: ७० अंश गाठायला पाण्याला किमान दीड किलोमीटर उतरावं लागतं, आणि वर येताना ते निवतं म्हणजे मुक्काम त्याहून खोल. तापलेलं पाणी हलकं होतं, भेग सापडली की वर चढतं. अशा भेगा सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये ओळीनं आहेत. म्हणून पालघरपासून राजापूरपर्यंत साधारण ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे सापडतात. गणेशपुरी, महाडजवळचं सव, आरवली, तुरळ, सगळे त्यातलेच.

इतक्या खोल कुणी उतरलेलं नसताना तिथलं तापमान कसं कळतं? मला सगळ्यात आवडतं ते हेच. काढा जितका कढत, तितका अर्क जास्त उतरतो, आणि काढा निवला तरी अर्क पाण्यातच राहतो. कातळातली सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, अशीच पाण्यात उतरते आणि थंड झाल्यावरही चटकन बाहेर पडत नाही. कुंडातलं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेऊन सिलिका मोजली, की खाली ते किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो.

एक विनंती मात्र मनापासून. कुंडात डोकं बुडवू नका, मुलांना बुड्या मारू देऊ नका. उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो; आजार अतिशय विरळा, पण झाला तर बहुतेक जीवघेणाच.

निघताना काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन निरखून पाहिलं. “म्हणजे आमच्याच वरच्या डोंगरावरचा पाऊस हा?” म्हणाले, आणि ती ओंजळ गुडघ्यावर सोडली.